मुलींच्या वाट्याचं मैदान



एखाद्या पुरुषाच्या कामगिरीवर आपल्या अंकात संपादकीय लिहायचं म्हटलं की थोडी चुळबुळ होणारच. बायका पिढ्यान्‌पिढ्या राबतात, त्याची बातमी होत नाही. एखाद्या नवऱ्यानं आठवड्यातून एकदा चहा केला की मात्र आळीभर कौतुक होतं. तेव्हा आणखी एका पुरुषाला हार घालण्यासाठी हे लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करते. ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याच्या नोकरीच्या गोष्टीतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो प्रश्न आपल्या प्रत्येक गटाच्या, प्रत्येक सल्ला केंद्राच्या दारात रोज येत असतो. अन्याय एकीवर होतो, तिच्या बाजूनं दुसरं कुणी बोलतं, आणि शिक्षा त्या बोलणाऱ्याला होते. मग कायद्यानं काय करायचं? आणि आपण काय करायचं?

ही गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराची आहे. हे शहर लोखंडपोलादावर उभं राहिलं, आणि काळ्यागोऱ्यांच्या सक्तीच्या वेगळेपणासाठी बदनाम झालं. १९६३ साली याच शहरात शाळकरी मुलंमुली हक्कांसाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले गेले, पोलिसी कुत्री सोडली गेली. एन्स्ली हा त्या शहराचा गिरणी-कारखान्यांचा भाग. कारखाने बंद पडले, पैसा गेला, माणसं उरली. तिथल्या एन्स्ली हायस्कूलमध्ये शिकणारी मुलं बहुतेक सगळी काळ्या समाजातली.

रॉडरिक जॅक्सन हे बर्मिंगहॅमच्या शाळांमध्ये १९९३ साली लागले. काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचं, आणि जोडीला मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकाचं. आपल्याकडच्या पी.टी.च्या सरांसारखंच. १९९९ च्या ऑगस्टमध्ये त्यांची एन्स्लीला बदली झाली. तिथंही मुलींचा संघ त्यांच्याकडेच आला.

शाळेत बास्केटबॉलचे दोन संघ होते, मुलांचा आणि मुलींचा. खेळ एक, नियम तेच, चेंडूही गोलच. पण जॅक्सन यांनी पुढे तक्रारीत मांडलेलं चित्र असं होतं : मुलांचा सराव नव्या जिममध्ये व्हायचा, मुलींचा जुन्या. ती जुनी जिम नियमाच्या मापाची नव्हती. तिथं थंडीत उष्णतेची सोय नव्हती. बास्केटमागचे फळे लाकडी, रिंगा वाकलेल्या. मुलांचा संघ दुसऱ्या शाळेत सामन्याला बसनं जायचा, मुलींनी मात्र आपली सोय कुणाच्या तरी गाडीतून करून घ्यायची. शहराकडून खेळासाठी येणाऱ्या पैशात मुलींचा वाटा नाही. सामन्याच्या तिकिटांचे आणि खाण्याच्या टपरीवरचे पैसे मुलांच्या संघाला ठेवता येत, मुलींना नाही.

यातला एकेक मुद्दा वेगळा काढला तर किरकोळ वाटतो. वाकलेली रिंग ही काय मोर्चा काढण्याची गोष्ट आहे? पण आपल्याला हे नवं नाही. भेदभाव बहुतेक वेळा असाच येतो, सुट्या पैशांत. ताटातला तुकडा, दिवाळीचा कपडा, शाळेची फी, रात्रीचा दिवा. एकेकाची तक्रार केली तर बाई भांडखोर ठरते. सगळं एकत्र मांडलं की मग दिसतं की हिशोबाची वहीच वेगळी आहे.

आणि यात नुसता खेळाचा आनंद पणाला लागलेला नव्हता. अमेरिकेत कॉलेजचं शिक्षण महाग. गरीब घरातल्या मुलीला चांगलं खेळता येत असेल तर तिला खेळावर शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि त्या जोरावर ती घरातली पहिली पदवीधर होऊ शकते. वाकलेल्या रिंगेवर सराव करणाऱ्या मुलीचा नेम चांगल्या रिंगेवर चुकतो. त्याचा भुर्दंड तिला मैदानावर पडतो, आणि मैदानाबाहेर आयुष्यभर पडू शकतो. चांगल्या प्रशिक्षकाला हे कळतं. शाळेतला प्रशिक्षक हा नुसता शिट्टी वाजवणारा माणूस नसतो. मुलीला दम लागला की ती त्याच्याकडे येते, घरी भांडण झालं की येते, कॉलेजचा अर्ज कसा भरायचा हे विचारायलाही येते. वर्षानुवर्षं एका वस्तीतल्या मुलींना उभं करण्याचं हे काम आहे, आणि ते कुठल्याही अहवालात नोंदलं जात नाही.

आता कायद्याचं. अमेरिकेत २३ जून १९७२ रोजी एक कायदा झाला. शिक्षणविषयक दुरुस्त्यांचं ते नववं प्रकरण, म्हणून सगळेजण त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. तो घडवण्यात पॅट्सी मिंक आणि एडिथ ग्रीन या खासदार स्त्रियांचा मोठा वाटा होता. मूळ कलम एका वाक्याचं आहे. त्याचा आशय असा, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक कार्यक्रमात लिंगाच्या आधारावर कुणाला वगळता येणार नाही किंवा भेदभाव करता येणार नाही. त्या वाक्यात खेळाचं नावही नाही. पण १९७५ च्या नियमावलीनं खेळ त्यात स्पष्टपणे आणले : साहित्य, सरावाच्या वेळा, प्रवास, प्रशिक्षक, सरावाच्या आणि सामन्यांच्या जागा. जॅक्सन यांची यादी या नियमावलीशेजारी ठेवून पाहा, मुद्द्याला मुद्दा जुळतो.

या कायद्यानं काय बदललं हे आकड्यांतून दिसतं. १९७१-७२ मध्ये अमेरिकेच्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार, आणि मुलगे ३६ लाखांच्या वर. २०१८-१९ मध्ये मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली होती. मुलींना खेळायची हौस नसते असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे. हौस होतीच, जागा नव्हती. बास्केटबॉलचाच इतिहास पाहा. १८९१ साली हा खेळ निघाला आणि वर्षभरात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींच्या कॉलेजात सुरू केला. पण बाईच्या जातीला इतकी धावपळ झेपणार नाही, या समजुतीतून मुलींसाठी वेगळे नियम झाले. आयोवा राज्यात शाळकरी मुली १९९३ पर्यंत सहा-सहा जणींचा खेळ खेळत होत्या, त्यात खेळाडूनं मैदानाची मधली रेघ ओलांडायची नाही. मैदानातसुद्धा उंबरठा!

कायदा असूनही एन्स्लीची जुनी जिम तशीच होती, कारण कायदा आपोआप चालत नाही. कुणीतरी तोंड उघडावं लागतं. डिसेंबर २००० पासून जॅक्सन यांनी वरिष्ठांकडे तक्रारी करायला सुरुवात केली. मुलींची परिस्थिती सुधारली नाही. उलट त्यांच्याच कामाच्या अहवालात प्रतिकूल शेरे येऊ लागले. मे २००१ मध्ये त्यांना मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकपदावरून काढलं. शिक्षकाची नोकरी राहिली, प्रशिक्षकपदाचा वेगळा भत्ता गेला. नोकरी घालवली नाही, फक्त हवं ते काम काढून घेतलं. ही रीत आपल्याला अनोळखी नाही. तक्रार करणाऱ्या नर्सची ड्यूटी बदलते, बोलणाऱ्या शिक्षिकेला लांबची शाळा मिळते, आणि कागदावर सगळं नियमानुसार असतं.

जॅक्सन कोर्टात गेले. शाळा मंडळाचा बचाव दोन मुद्द्यांचा होता. एक, टायटल नाइनमध्ये सूडाच्या कारवाईबद्दल एक अक्षरही नाही. दुसरं, भेदभाव झालाच असेल तर तो मुलींवर झाला, या पुरुष प्रशिक्षकावर नाही, मग हा कोण दाद मागणारा? खालच्या कोर्टानं दावा फेटाळला. २००२ मध्ये अपील कोर्टानंही तोच निर्णय कायम ठेवला. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जॅक्सन खोटं बोलतात असं कोर्ट म्हणत नव्हतं. ते म्हणतात ते सगळं खरं धरलं तरी कायदा त्यांच्यासाठी काही करू शकत नाही, असं कोर्ट म्हणत होतं.

मंडळाचा दुसरा मुद्दा ऐकायला सरळ वाटतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. ‘तुमचा काय संबंध?’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! शेजारची बाई मार खाते, आपण दार वाजवतो, आणि आतून आवाज येतो, तुमचा काय संबंध? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी शाळेविरुद्ध एकटीनं उभं राहायचं, वकील गाठायचा, वर्षानुवर्षं तारखांना जायचं, आणि तोवर मोठ्या माणसांनी संबंध नाही म्हणून गप्प बसायचं. असा कायदा कागदावर असतो, मुलींच्या हाती लागत नाही.

२९ मार्च २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी जॅक्सन यांच्या बाजूनं निकाल दिला. बहुमताचा निकाल सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला, त्या कोर्टातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लिंगभेदाची तक्रार केली म्हणून एखाद्याला शिक्षा करणं हाच लिंगभेदाचा एक प्रकार आहे. तक्रार करणाऱ्याला संरक्षण नसेल तर भेदभाव पाहणारे लोक गप्प बसतील, आणि मग कायद्याची अंमलबजावणीच कोलमडेल. शिक्षक आणि प्रशिक्षक हे अनेकदा विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी बोलण्याच्या सर्वांत चांगल्या जागी असतात, कारण त्यांना भेदभाव दिसतो आणि तो कुणापर्यंत पोचवायचा हे कळतं.

या निकालाला १९६९ च्या एका जुन्या निकालाचा आधार होता. एका गोऱ्या घरमालकानं आपलं घर काळ्या भाडेकरूला दिलं, म्हणून वस्तीच्या संस्थेनं त्या मालकालाच बाहेर काढलं होतं. तेव्हा कोर्ट म्हणालं होतं की तो दाद मागू शकतो. काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यानं पाडलेली वाट स्त्रियांच्या कामी आली. चळवळी एकमेकींची शिदोरी अशी वाटून घेतात.

चार न्यायाधीशांचा विरोध होता, आणि त्यांचा मुद्दाही ऐकून घ्यायला हवा. क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं की जॅक्सन यांना काढलं ते ते पुरुष आहेत म्हणून नाही, तर त्यांनी तक्रार केली म्हणून. कायदा लिंगाबद्दल बोलतो, तक्रारीबद्दल नाही. संसदेला तसं हवं असतं तर तिनं लिहिलं असतं. शब्दांच्या तर्कात हे बसतं. पण भेदभाव हा दोन माणसांमधला खाजगी व्यवहार नसतो, ती एक व्यवस्था असते. तिला मार देणारा हात लागतो, तशीच गप्प बसणारी माणसंही लागतात. त्या गप्प बसण्याला धाक घालून राखणं हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. एका मतानं का होईना, कोर्टानं हे ओळखलं.

निकालाची मर्यादाही सांगायला हवी. जॅक्सन यांच्याविरुद्ध सूड उगवला गेला हे कोर्टानं ठरवलं नाही. दावा चालवण्याचा हक्क तेवढा मान्य केला आणि प्रकरण खाली पाठवलं. २००३ मध्ये त्यांना हंगामी प्रशिक्षक म्हणून परत घेतलं गेलं होतं. २००६ मध्ये तडजोड झाली. त्यांना शहरातल्याच दुसऱ्या हायस्कुलात मुख्य प्रशिक्षकपद मिळालं, आणि मुलामुलींच्या खेळाच्या सोयी बरोबरीच्या करण्याचं मंडळानं मान्य केलं.

आता इथं जरा थांबून हिशोब करू या. पहिली तक्रार डिसेंबर २००० ची, तडजोड २००६ ची. हायस्कूल चार वर्षांचं. म्हणजे ज्या मुलींच्या वाकलेल्या रिंगांसाठी ही लढाई सुरू झाली, त्यातली एकही मुलगी निकालाचं फळ चाखायला शाळेत उरली नव्हती. एन्स्ली हायस्कूलच २००६ मध्ये बंद झालं. निकालपत्राला नाव आहे जॅक्सन यांचं. त्या मुलींची नावं त्यात नाहीत. त्या कुठं गेल्या, कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, कुणी खेळ सोडला, हे कायद्याचं पुस्तक सांगत नाही. जॅक्सन यांचा मान राखूनही ही रिकामी जागा आपण नजरेआड करता कामा नये. दुसऱ्यासाठी बोलणारा माणूस हवा, पण बोलता बोलता जिच्यासाठी बोलतो ती पुसली जाऊ नये.

आणखी एक उलटा धागा आहे. १९७२ साली अमेरिकेच्या कॉलेजांत स्त्रियांच्या संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रियाच होत्या. कायदा आला, स्त्रियांच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, आणि त्या जागांवर पुरुष आले. पुढच्या काळात स्त्री प्रशिक्षकांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली गेलं. खेळणाऱ्या मुली वाढल्या, शिकवणाऱ्या बाया मागे पडल्या. बिनपैशाचं काम बाईचं, पगाराचं झालं की पुरुषाचं. हा नियम चुलीपासून क्रीडांगणापर्यंत सारखाच! तेव्हा मुलींच्या बाजूनं उभा राहणारा पुरुष प्रशिक्षक भेटला याचा आनंद मानू या, पण त्या खुर्चीवर बाई का नाही, हा प्रश्न सोडू नये. बोलल्याची किंमत तर बायांनीही मोजलीच आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो राज्य विद्यापीठातल्या दोन स्त्री प्रशिक्षकांनी, एक व्हॉलीबॉलची, एक बास्केटबॉलची, मुलींच्या खेळाबाबतच्या भेदभावाविरुद्ध बोलल्यामुळे आपल्याला काढलं असा दावा केला होता. २००७ मध्ये ज्यूरीनं दोघींच्याही बाजूनं निकाल दिला.

कुणी म्हणेल, शाळाच गरीब, मुलांनाही फार काही मिळत नव्हतं, मग आपसात भांडण कशाला? हा प्रश्न आपल्या वस्त्यांतही येतो. आधी सगळ्यांची गरिबी जाऊ दे, मग बायकांचं बघू. पण पैसा थोडा असतो तेव्हाच पहिली कात्री कुणाच्या वाट्याला लागते ते दिसतं. मुलांच्या सामन्याला गर्दी होते म्हणून तिकिटाचे पैसे त्यांचे, असंही म्हटलं जातं. नवी जिम, नवे फळे, बस, सगळं एका संघाला द्यायचं आणि मग दुसऱ्याच्या खेळाला कुणी येत नाही म्हणायचं. रोपाला पाणी घालायचं नाही आणि फूल नाही म्हणून उपटायचं, यातलाच हा प्रकार.

मोठी माणसं गप्प बसली की काय होतं, हेही अमेरिकेच्याच क्रीडाक्षेत्रानं दाखवलं. जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याआधी वर्षानुवर्षं मुली सांगत होत्या. त्यांचं म्हणणं मोठ्यांपर्यंत पोचलं होतं, पुढे गेलं नव्हतं. वाकलेली रिंग आणि हा अत्याचार यांत फार मोठं अंतर आहे, हे खरंच. पण ज्या संस्थेत साध्या रिंगेबद्दल बोलणाऱ्याचा भत्ता जातो, तिथं मोठ्या गुन्ह्याबद्दल बोलण्याची छाती कुणाची होणार?

आपल्याकडे वळायचं तर, १९९७ च्या विशाखा निकालातल्या मार्गदर्शक सूचना आठवा. पीडितेला आणि साक्षीदारांना त्रास दिला जाणार नाही हे पाहणं मालकाची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. साक्षीदाराचा उल्लेख तिथं उगाच आलेला नाही. त्या खटल्यामागे राजस्थानातल्या साथिन भंवरीदेवींची लढाई होती. एका लहान मुलीचं लग्न थांबवायला त्या गेल्या होत्या, दुसऱ्याच्या मुलीसाठी. त्याचा सूड १९९२ साली त्यांच्या शरीरावर उगवला गेला. जॅक्सन यांचा भत्ता आणि भंवरीदेवींवरचा अत्याचार एका तराजूत घालता येणार नाहीत. पण दोन्हींचा रोख एकच : मध्ये पडू नका.

म्हणून आपल्या गटांसाठी काही कामाच्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपण तक्रार करणाऱ्या बाईची नोंद ठेवतो, तिच्या बाजूनं बोललेल्या सहकाऱ्याचीही ठेवू या. त्याची बदली कधी झाली, शेरा कधी बदलला, पगार कधी अडला, हे तारखेसह लिहून ठेवू या. सूड दाखवायचा तर तारखांचा क्रमच बोलतो. जॅक्सन यांच्या बाबतीतही डिसेंबरची तक्रार आणि मे महिन्यातली कारवाई यांच्यातले पाच महिनेच बोलत होते. दुसरं, आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या शाळेच्या मैदानावर एकदा जाऊन या. मैदान संध्याकाळी कुणाच्या ताब्यात असतं, मुलींच्या संघाला प्रवासखर्च मिळतो का, कपडे बदलायला खोली आहे का, प्रशिक्षक कोण, हे वहीत मांडा. आणि तिसरं, मुलींनाच विचारा. त्यांचं नाव वहीत पहिल्या ओळीवर येऊ द्या.

जॅक्सन यांनी फार मोठं काही केलं का? एका अर्थानं नाही. आपल्या समोरच्या मुलींना जे मिळत नव्हतं ते त्यांना दिसलं, त्यांनी ते सांगितलं, आणि सांगितल्याची किंमत मोजल्यावर मागे हटले नाहीत. एवढं करणारी माणसं प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक दवाखान्यात लागतील. ती तयार होण्याची वाट पाहत बसता येणार नाही. पण जी बोलतात त्यांना एकटं पडू न देणं तरी आपल्या हातात आहे.

तुमच्या भागात असं कुणी बोललं असेल आणि त्यापायी सोसलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. त्या व्यक्तीची परवानगी घेऊनच लिहा. पुढच्या अंकात हे पान त्यांच्यासाठी राखून ठेवू.